ट्रंकेतलं हैदराबाद

"आजी, जिलेटिन कशापासून करतात ग?"

चातुर्मासातली रविवारची सकाळ होती. मी तांदूळ निवडत बसले होते. नात नुकतीच बाहेरून आली होती, दारात चपला काढता काढताच तिनं विचारलं. गळ्यात कॅमेरा होता. तिच्या कॉलेजातली चार-पाच मुलं रविवारी पहाटे उठतात आणि जुन्या शहरात फोटो काढत फिरतात. मोबाईल खिशात असतो, पण फोटो काढायचे ते रोलच्या कॅमेऱ्यानं. पत्थरगट्टीची बंद दुकानं, लाड बाजारात बांगड्यांचं पहिलं शटर उघडणारा माणूस, मक्का मशिदीपुढची कबुतरं, इराणी चहाच्या हॉटेलातले पेपर वाचणारे म्हातारे. हिच्या कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच फोटो निघतात, म्हणून नऊच्या आत घरी परतते.

मी म्हटलं, "हाडांपासून. आणि कातड्यापासून. का ग?"

"मग हे बघ." तिनं फोन पुढे केला. कॅमेऱ्याच्या फिल्मवर जो थर असतो, ज्यात चांदीचे कण धरून ठेवलेले असतात, तो थर जिलेटिनचा.

ही मुलगी पाच वर्षांची असल्यापासून जेलीच्या गोळ्यांचं पाकीट उलटं करून वाचते. आम्हीच शिकवलं. वाढदिवसाला मैत्रिणीकडे गेली तरी, "काकू, यात जिलेटिन आहे का हो?" असं विचारायची आणि मला केवढा अभिमान वाटायचा! आता तीच कॅमेरा कपाटात ठेवून आली. पुढच्या रविवारी गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

त्याच सुमारास पुतण्याचा फोन आला. काचीगुड्याचं आमचं जुनं घर पाडून तिथं नवीन बांधायचं ठरलं आहे. "काकू, माळ्यावरची मोठी ट्रंक शनिवारी भंगारवाल्याला देतोय. त्यात काही नाही, नुसत्या काळ्या फिल्मी आहेत. फोटो अल्बममध्ये आहेतच की."

इकडे नात कॅमेरा ठेवून बसलेली, तिकडे पुतण्या फिल्मी टाकायला निघालेला. दोघांनाही काय सांगावं ते मला एकदम सुचेना. मला सवय आहे, काही सुचलं नाही की मागे जाऊन बघायचं. या शहरात कॅमेरा घेऊन हिंडणारा आपल्यातला पहिला मोठा माणूस कोण? त्यानं काय केलं? म्हणून मी पुन्हा लाला दीनदयाळांकडे गेले.

मैत्रिणींनो, नाव तुमच्या कानावरून गेलं असेल. २००६ मध्ये टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकीटही काढलं. पण ते जैन होते, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे?

मीरतजवळ सरधना नावाचं गाव आहे. तिथं १८४४ मध्ये एका जैन कुटुंबात दीनदयाळांचा जन्म झाला. रुरकीच्या थॉमसन कॉलेजात ते इंजिनिअरिंग शिकले आणि १८६६ मध्ये इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला लागले. काम नकाशे काढायचं आणि खर्चाचे अंदाज बांधायचं. फोटोग्राफीचा नाद लागला तो १८७४ च्या सुमारास, म्हणजे तिशीत. इंदूरच्या सर हेन्री डॅली या इंग्रज अधिकाऱ्यानं त्यांना उत्तेजन दिलं. १८८२ मध्ये लेपेल ग्रिफिन या अधिकाऱ्याबरोबर ते बुंदेलखंडात हिंडले. ग्वाल्हेर, खजुराहो, सांची असे त्या भागातले फोटो पुढे १८८६ मध्ये ग्रिफिनच्या पुस्तकात छापले गेले. मग त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि हैदराबादची वाट धरली. १८८६ मध्ये सिकंदराबादला त्यांचा स्टुडिओ उघडला.

तेव्हा गादीवर सहावे निजाम मीर महबूब अली खान होते. त्यांनी दीनदयाळांना दरबारी फोटोग्राफर नेमलं आणि पुढे 'राजा बहादूर मुसव्विर जंग' असा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. जंग म्हणजे लढाई, ती दरबारी किताबांची रीत. एका इंजिनिअर श्रावकाला 'चित्रकारीतला लढवय्या' म्हणावं, ही हैदराबादचीच ऐट! १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ झाला, १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीचे फोटोग्राफर म्हणून मान मिळाला. ५ जुलै १९०५ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. मुलांनी आणि नातवंडांनी नाव पुढे चालवलं.

आज आपण जुन्या हैदराबादचं म्हणून जे चित्र डोळ्यांपुढे आणतो, त्यातलं पुष्कळसं या माणसाच्या आणि त्याच्या कंपनीच्या काचांवरून आलेलं आहे. चारमिनार आणि त्याच्या पायाशी भरलेला बाजार, फलकनुमा, चौमहल्ला, बशीरबाग, दरबार, पलटणींच्या कवायती. माझ्या माहेरच्या मराठवाड्याचंही त्यात आहे. मी जिंतूरची. तो सगळा मुलूख तेव्हा निजामाचाच होता, १९५६ पर्यंत आम्ही हैदराबाद राज्यातलेच. १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ, ज्याला आमच्याकडे छप्पन्नचा दुष्काळ म्हणायचे, त्या वेळी औरंगाबाद जिल्ह्यात जी दुष्काळी कामं चालली, त्यांचेही फोटो दीनदयाळांच्या कंपनीनं काढले आहेत. राजवाड्याच्या झुंबरांचे आणि दुष्काळी कामांचे फोटो एकाच कंपनीचे.

हे फोटो निघायचे कसे, ते नातीला सांगताना मलाच पुन्हा नवल वाटलं. सुरुवातीच्या काळात काचेवर ओलं रसायन पसरायचं. काच चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची, फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत तिथल्या तिथं अंधाऱ्या तंबूत धुवायची. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तेवढीही सवड मिळत नसेल. त्यामुळे फोटोग्राफर फिरायचा तो काचा, बाटल्या, पाणी, तंबू आणि हमाल घेऊन. समोरचा माणूस थांबला तर काचेवर उमटायचा, चालत राहिला तर धूसर व्हायचा.

"आणि जिलेटिन?" नातीचं लक्ष तिथंच.

तर ऐका. त्या ओल्या काचेवरच्या रसायनात हाड नव्हतं. ते कापसापासून करायचे. कापसावर आम्लाची क्रिया करायची आणि तो ईथर नि अल्कोहोलमध्ये विरघळवायचा. नातीचा चेहरा जरा उजळला. पण मी पुढचं लपवलं नाही. काचेवरचा फोटो कागदावर छापायचा, त्या कागदाला अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर असायचा. युरोपात त्या कागदाचे कारखाने होते. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये रोज हजारो अंडी नुसती कागदासाठी फोडली जात. दीनदयाळांचे त्या काळातले फोटो, जे आज संग्रहालयांत काचेआड ठेवलेले आहेत, ते याच कागदावर आहेत.

पुढे काचेवरही जिलेटिन आलं. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरनं ती युक्ती सुचवली. ईथरच्या वाफांनी त्याची तब्येत बिघडायला लागली होती, म्हणून तो दुसरं काही शोधत होता. जिलेटिनच्या काचा कोरड्या असत, आधी करून ठेवता येत, सावकाश धुता येत. तंबू सुटला, हमाल कमी झाले, आणि १८८० नंतर जगभरच्या फोटोग्राफरांनी तीच वाट धरली, दीनदयाळांनीही. मग काचेऐवजी लवचिक फिल्म आली, पण थर तोच राहिला. १९२० नंतरच्या वर्षांत कोडॅकच्या एका शास्त्रज्ञाला असं आढळलं, की काही जिलेटिनची फिल्म जास्त चांगली उमटते, कारण त्या गाईगुरांच्या चाऱ्यात मोहरीच्या जातीच्या वनस्पती होत्या. त्यातला गंधक हाडा-कातड्यापर्यंत पोचलेला. म्हणजे गाय काय चरली, इथपर्यंतचा हिशेब फोटोत उतरतो. आजही फिल्मवर जिलेटिनच असतं. दुसरे पदार्थ करून बघितले गेले, पण त्याची जागा कुणी घेतली नाही.

अजून एक सांगायला हवं. १९०२ च्या एप्रिलमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन आपल्या पत्नीसह निजामाच्या राज्यात शिकारीला आले होते. वरंगळकडे नेकोंड्याजवळ तळ पडला. मारलेल्या वाघाला पुढ्यात टाकून नवरा-बायको उभे आहेत, असा प्रसिद्ध फोटो आहे. तो दीनदयाळांच्या कंपनीचाच.

आपल्या समाजात एखादा मोठा माणूस निघाला, की आपण त्याच्या तसबिरीला हार घालतो आणि अडचणीचं तेवढं झाकून ठेवतो. मला ते पटत नाही. आपल्या आचार्यांनी तरी कुठं झाकलं? त्यांनी हिंसेचे चार प्रकार स्पष्ट सांगितले. संकल्पी म्हणजे ठरवून केलेली, आरंभी म्हणजे घरकामात होणारी, उद्योगी म्हणजे धंद्यात होणारी, आणि विरोधी म्हणजे स्वतःचा बचाव करताना होणारी. गृहस्थानं संकल्पी हिंसा पूर्ण सोडावी, बाकीची कमी कमी करत न्यावी. शेती करणाऱ्याचा नांगर, आपली चूल आणि उखळ, त्यात जीव मरतात हे त्यांना ठाऊक होतं. उद्योगी हिंसा माफ आहे असं त्यांनी म्हटलेलं नाही. ती मोजावी आणि तिची आलोचना करावी, असं म्हटलं. अंड्याचा कागद, हाडांचा थर, वाघाचा फोटो, हे सगळं मी दीनदयाळांच्या नावाशेजारी लिहून ठेवते. त्यांचं काम मोठं होतं आणि त्याला किंमत पडली होती. दोन्ही गोष्टी मुलांना सांगाव्यात.

पण ज्यासाठी मला हा माणूस खरा आपला वाटतो, ती गोष्ट वेगळीच आहे.

१८९२ मध्ये दीनदयाळांनी हैदराबादेत बायकांसाठी स्वतंत्र स्टुडिओ उघडला. जनाना स्टुडिओ. सगळीकडून उंच भिंती. आत पुरुषाला मज्जाव. केनी-लेविक नावाच्या इंग्रज बाई फोटो काढायच्या आणि त्यांच्या हाताखाली इथल्याच बायका काम करायच्या.

नुसतं डोळ्यांपुढे आणा. पडदा फक्त मुसलमान घराण्यांतच होता असं नाही. मारवाडी, कायस्थ, आपल्या वाण्यांच्या घरांतही बाईचं तोंड परपुरुषाला दिसत नसे. घरातल्या पुरुषांचे फोटो दिवाणखान्यात टांगलेले, आणि बाई गेली की तिचा चेहरा तिच्याबरोबर गेला. मुलांना आईचा चेहरा आठवत नसेल तर तो दुसरीकडे कुठंच सापडायचा नाही. अशा शहरात एका जैन गृहस्थाला सुचलं, की बाई भिंतीबाहेर येऊ शकत नसेल तर कॅमेराच भिंतीआत न्यावा आणि बाईच्या हातात द्यावा. यात त्याचा धंदा होताच, नाही कसा? गिऱ्हाईक दुप्पट झालं. पण त्यामुळे कुणा बेगमेचा, कुणा सेठाणीचा, कुणा सुनेचा चेहरा पहिल्यांदा उमटला. आणि काच सरकवणारे, धुणारे, वाळवणारे हातही बायकांचे होते. त्या मदतनीस बायका म्हणजे या शहरातल्या फोटोग्राफीच्या आपल्या आज्या-पणज्या.

ते फोटो काही दुकानात टांगायला नव्हते. ते ज्यांचे त्यांच्या घरी, संदुकीत गेले. राजवाड्यांचे, दरबाराचे, शिकारीचे फोटो अल्बमांत बांधले गेले, व्हाइसरॉयला भेट गेले, लंडनला पोचले. म्हणून ते टिकले. दीनदयाळांच्या वारसांनी काचा जपल्या होत्या. त्यांपैकी २८५७ काचा १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानं घेतल्या आणि आज त्या नीट आहेत. त्या काळातल्या किती फोटोग्राफरांच्या काचा खरवडून खिडक्यांना लावल्या गेल्या! चांदीसाठी किती फिल्म धुऊन टाकली! त्या मानानं हे भाग्यच. पण पुरुषांचं शहर अल्बमात गेलं आणि बायकांचं शहर संदुकीत गेलं, हा फरक मला विसरता येत नाही. अल्बम वाचनालयात पोचतो. संदूक माळ्यावर राहते आणि घर पाडायच्या वेळी भंगारात जाते.

इथं मी तांदळाचं ताट बाजूला ठेवलं आणि पुतण्याला फोन केला. "शनिवारी थांब. ट्रंक माझी."

"काकू, घेऊन काय करणार?"

"काय करायचं ते बघू. तू हात लावू नकोस."

शुक्रवारी मी आणि नात काचीगुड्याला गेलो. माळ्यावरून ट्रंक उतरवली आणि झाकण उघडताच शिरक्यासारखा आंबट वास नाकात गेला. नात म्हणाली, फिल्म खराब व्हायला लागली की हाच वास येतो. आत बिस्किटांचे जुने डबे होते, त्यांत लिफाफे, लिफाफ्यांत निगेटिव्ह. काहींवर बुरशी चढलेली. जिलेटिन म्हणजे बुरशीचं खाद्यच. आपल्याकडच्या पावसाळ्यात पापडावर चढते तशी ती फिल्मवर चढते.

हे सगळे फोटो मामंजींनी काढले, असं घरात सगळे धरून चालले होते. कॅमेरा त्यांचा होता ना! ॲग्फा क्लिक थ्री. बडोद्याला बनायचा. तुमच्यापैकी पुष्कळ जणींच्या माहेरी असेल. एकशेवीसचा रोल, बारा चौकोनी फोटो. ऊन असेल तर उन्हाची खूण, ढग असतील तर ढगाची, बाकी काही करायला नको. उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना निघाला आणि 'इंदू' नावाची फिल्म मिळायला लागली, तेव्हा मध्यमवर्गीय घरांतही वर्षाला दोन-चार रोल परवडायला लागले.

नातीनं खिडकीला पांढरा कागद लावला आणि एकेक निगेटिव्ह उजेडापुढे धरत गेली. फोनवर उलटं करून बघितलं की काळ्याचं पांढरं होतं. मी शेजारी बसून ओळखत होते.

काचीगुडा स्टेशन. मनमाडकडे जाणारी मीटर गेजची गाडी, खिडकीतून हात बाहेर काढलेली एक मुलगी. माहेरवाशीण परत निघालेली, नाहीतर बाळंतपणाला निघालेली. नुमाइशमध्ये पाळण्यापुढे उभ्या चार बायका, चौघींचेही डोळे ऊन लागल्यासारखे मिटलेले. गच्चीवर कुरडया घातलेल्या, आणि एक म्हातारी काठी घेऊन कावळे हाकतेय. बाग-ए-आममध्ये बाकावर डबा उघडलेला. लाड बाजारात बांगड्या भरून घेणारा एक हात, मनगटापुढचं काहीच नाही. नळावरची रांग. चातुर्मासात प्रवचनाहून परतणाऱ्या बायका, पाठमोऱ्या. आमच्या वाड्यातली भाडेकरू तेलुगू बाई दारापुढे मुग्गू घालतेय आणि शेजारी आमची कुणीतरी रांगोळी.

मी म्हटलं, "अग, मामंजी नुमाइशला कधी जायचेच नाहीत. गर्दीचा त्यांना कंटाळा."

नात एका निगेटिव्हवर थांबली होती. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आजी, खाली बघ. कोपऱ्यात."

गच्चीवरचाच फोटो. पुढे पापडांची ओळ. फोटोग्राफरच्या पाठीशी सूर्य असावा, असं तेव्हा कॅमेऱ्याबरोबरच्या कागदावर लिहिलेलं असायचं. तसाच तो होता, त्यामुळे फोटो काढणाऱ्याची सावली पापडांवर पडलेली. खांदे, वर उचललेले दोन कोपर आणि डोक्यावरून घेतलेला पदर.

सासूबाई.

मी १९७४ मध्ये या घरात आले. सासूबाईंच्या हाताखाली कितीतरी वर्षं काढली. त्यांचं सोवळं, त्यांचे नियम, अष्टमी-चतुर्दशीची त्यांची हिरव्या भाजीवरची नजर, सगळं मला पाठ. पण त्यांच्या हातात मी कॅमेरा कधी पाहिला नाही. मी यायच्या आधीच तो बंद झाला असणार, कारण लिफाफ्यांवरची शेवटची तारीख १९७२ ची आहे. लिफाफ्यांवरचं अक्षर त्यांचंच. मी ते किराण्याच्या यादीत हजारदा वाचलंय, आणि तरी या लिफाफ्यांकडे कधी बघितलं नव्हतं. घरातल्या अल्बममध्ये या फोटोंपैकी एकही नाही. अल्बममध्ये लग्नं आहेत, मुंजीला आलेले शेजारी आहेत, मंत्र्यांबरोबर उभे मामंजी आहेत. छापून घ्यायला पैसे लागायचे, आणि नळावरच्या रांगेचा फोटो कोण छापणार?

होमाई व्यारावाला यांचं नाव आपण अभिमानानं घेतो. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालेल्या. घ्यायलाच हवं. पण आमच्या काचीगुड्याच्या गच्चीवर पदर सावरत एक बाई उभी होती आणि आपलं हैदराबाद बारा-बारा चौकोनांत ठेवत होती. तिचं नाव कुणी घेतलं नाही, कारण आम्हाला ती दिसलीच नव्हती. आणि तिच्या सगळ्या फिल्मी शनिवारी भंगारात जाणार होत्या.

परत येताना रिक्षात ट्रंक पायाशी होती. नात म्हणाली, "आजी, पणजीला ठाऊक होतं का? जिलेटिनचं?"

मी म्हटलं, "तिला ठाऊक असतं तर तिनं कॅमेरा शिवलाच नसता."

"मग आपल्याला ठाऊक झालंय. आपण काय करायचं?"

काय उत्तर देणार? कृत, कारित, अनुमोदित, असं आपण रोज म्हणतो. आपण केलं नाही, करवलं नाही, पण चांगलं म्हटलं तरी वाटा येतो. नवीन रोल विकत घेणं म्हणजे वाटा घेणंच. त्यावर मी पांघरूण घालणार नाही. पण ट्रंकेतल्या रोलसाठी जो जीव गेला तो पन्नास-साठ वर्षांपूर्वीच गेला. आज ती फिल्म उकिरड्यावर टाकली, तर तो जीव परत येणार नाही. उलट ज्यासाठी गेला तेही जाईल. आपण पानात अन्न टाकत नाही. चूल पेटवताना जीव मेलेले असतात हे ठाऊक असतं, म्हणूनच टाकत नाही. माझ्या बुद्धीला एवढंच उमगतं: ज्या वस्तूसाठी कुणाचा जीव गेलाय, ती निष्काळजीपणानं घेऊ नये आणि निष्काळजीपणानं टाकूही नये.

नातीनं आपला निर्णय आपणच घेतला. मी सांगितला नाही. चातुर्मास संपेपर्यंत नवीन रोल नाही. रविवारी ती फिरायला जाते, पण वही-पेन्सिल घेऊन. सासूबाईंनी जिथं जिथं फोटो काढला, ती जागा शोधते आणि आज तिथं काय आहे ते लिहून आणते. चातुर्मासानंतर कॅमेरा घ्यायचा की नाही, ते नंतर बघू म्हणते. घेतला तर वर्षाला किती रोल, ते आधी ठरवून, परिमाण करून. तिच्या मैत्रिणी हसल्या म्हणे. हसू देत.

आता माझं तुमच्याकडे मागणं. दिवाळीची साफसफाई जवळ आली आहे. माळ्यावरचे डबे, संदुका, जुन्या पिशव्या खाली उतरतील. काळी फिल्म दिसली तर टाकू नका. अल्बमात फोटो आहेत म्हणून निगेटिव्ह निकामी, असं समजू नका. अल्बमात निवडलेले फोटो असतात, निगेटिव्हमध्ये सगळेच. फिल्म कडेनं धरा, मध्ये बोट लावू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, साध्या कोऱ्या कागदात गुंडाळा. आंबट वास येणारी आणि बुरशी चढलेली बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. कोरड्या, थंड जागी ठेवा, स्वयंपाकघराच्या माळ्यावर नको. आणि मुख्य म्हणजे घरातली सगळ्यात वयस्कर बाई शेजारी घेऊन बसा. ही कोण, ती कोण, कुठल्या गावची, कुणाची लेक, ते कागदावर पेन्सिलीनं लिहून घ्या. शाई पसरते. लिफाफ्यावर तारीख असेल तर तीही उतरवा. फोटो काढणारीची सावली कुठं पडली आहे का, तेही बघा.

आमच्याकडे एकूण एकतीस रोल निघाले. बावीस बघून झाले. गाडीच्या खिडकीतून हात काढलेली ती मुलगी कोण, ते अजून कळलेलं नाही. परभणीच्या नणंदबाईंना फोटो पाठवला आहे. त्यांना दिसायला कमी झालंय, पण मुलगी म्हणते, "आई रोज सकाळी भिंग घेऊन बसते." काल फोन आला होता. चेहरा लागत नाही, पण हातातल्या बांगड्या ओळखीच्या वाटतात म्हणाल्या.

मी म्हटलं, "बघा बाई सावकाश. घाई नाही."